आडवी गाडी

दिवाळीच्या संमेलनांत चकलीची बशी हातांत धरून उभें राहिलें म्हणजे अनोळखी माणसें जे दोन-तीन प्रश्न विचारतात, त्यांत छंदाचा प्रश्न हटकून असतो. न्यूजर्सींतल्या आमच्या मराठी मंडळींच्या अशाच एका मेळाव्यांत एका वयस्क गृहस्थांनीं मला विचारलें, "आपण कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकवतां म्हणे. मग फावल्या वेळीं काय करतां? वाचन?" मीं खरें तेंच सांगितलें. म्हटलें, "मोटार आडवी चालवतों." गृहस्थ क्षणभर माझ्याकडे पाहात राहिले. मग त्यांना तो प्राध्यापकी विनोद वाटला असावा. कारण ते मोठ्यानें हंसले आणि आणखी एक चकली घेण्यासाठीं निघून गेले. शेजारींच उभ्या असलेल्या माझ्या पत्नीला मात्र हंसूं आलें नाहीं. "अहो, निदान चारचौघांत तरी!" एवढेंच ती म्हणाली.

त्या गृहस्थांना मी दोष देत नाहीं. मोटार ही नाकासमोर चालण्याची वस्तु आहे, आणि प्राध्यापक तर तिच्याहूनही अधिक. परंतु गाडी मुद्दाम घसरवीत, तिचें शेपूट बाहेर टाकून, वळणावरून आडवी नेण्याची एक कला आहे, आणि तिला ड्रिफ्टिंग असें म्हणतात. मागच्या चाकांची जमिनीवरची पकड चालक बुद्ध्याच सोडवतो. गाडीचें नाक वळणाच्या आंतल्या बाजूला रोखलेलें असतें, पुढचीं चाकें उलट दिशेला वळविलेलीं असतात, आणि या दोघांच्या भांडणांत गाडी तिसऱ्याच दिशेनें, धुराचे लोट उडवीत, वळण पार करते. कोण आधीं पोंचला हें येथें कोणी विचारीत नाहीं. नृत्याच्या स्पर्धेंत बसतात तसे परीक्षक बसलेले असतात. गाडी आंखून दिलेल्या वाटेनें गेली कीं नाहीं, ती किती कोनांत आडवी होती, आणि हें सारें करतांना तिच्यांत कांहीं ऐट होती कीं नाहीं, एवढें ते पाहतात. मोटारीच्या खेळांत घड्याळाला अशी सुट्टी दिलेली पाहून मला प्रथम फार नवल वाटलें होतें.

ही कला जपानची. मोटरसायकलच्या जागतिक शर्यतींत १९६१ सालीं पहिला जपानी विजेता ठरलेला कुनिमित्सु ताकाहाशी पुढें मोटारींकडे वळला, आणि १९७० नंतरच्या दशकांत वळणांवर गाडी घसरवीत नेण्याच्या त्याच्या रीतीवर प्रेक्षक लुब्ध झाले. त्याच्यापासून स्फूर्ति घेऊन केइची त्सुचिया नांवाच्या तरुणानें डोंगरांतल्या घाटरस्त्यांवर या विद्येचा सराव केला. १९८७ सालीं त्याच्या घाटांतल्या करामतींची चित्रफीत निघाली आणि घरोघरचीं मुलें बिघडलीं. नव्या शतकाच्या आरंभीं जपानांत रीतसर स्पर्धा सुरू झाल्या, आणि २००४ सालीं अमेरिकेंतही फॉर्म्युला ड्रिफ्ट या नांवानें त्या भरूं लागल्या. त्या धंदेवाईक लोकांच्या. त्यांच्या मागोमाग, ज्यांना कोणी पैसे देत नाहीं आणि ज्यांच्या खिशांतून मात्र सतत जातात, अशा हौशी लोकांचा मोठा तांडा सर्वत्र उभा राहिला. त्या तांड्याच्या अगदीं शेपटाशीं मी आहें.

खरें म्हणजे घसरण्याचें सुख मला नवें नव्हतें. साताऱ्याला शाळेच्या पटांगणांत आम्ही मुलें सायकल भरधाव आणीत असूं आणि मागचा ब्रेक करकचून दाबून ती लाल मातींत अर्धवर्तुळ काढीत फिरवीत असूं. ज्याचें अर्धवर्तुळ मोठें तो त्या दिवसाचा राजा. एकदां वडिलांनीं मागच्या टायरावरून बोट फिरवून पाहिलें. झिजून कापड दिसूं लागलें होतें. "पैसे काय झाडाला लागतात?" असें म्हणून त्यांनीं सायकल दोन महिने कुलपांत ठेवली. त्या दोन महिन्यांत मी मुकाट्यानें शहाणा झालों, आणि पुढें चाळीस वर्षें शहाणाच राहिलों. दुर्दैवानें आपला शहाणपणा आपल्यापुरता ठेवण्याची बुद्धि बापांना क्वचित् होते.

२०१४ सालीं माझ्या मुलानें, तेव्हां तो एकोणीस वर्षांचा होता, सुटींत काम करून सांठविलेल्या पैशांतून एक जुनी निसान २४० एसएक्स विकत घेतली. गाडी १९९२ सालची, म्हणजे त्याच्याहून तीन वर्षांनीं वडील. वजनानें सव्वा टनाच्या आंतबाहेर, इंजिन पुढें आणि जोर मागच्या चाकांना. आडव्या चालीला असलीच गाडी लागते, हें मला आतां ठाऊक आहे. तेव्हां मला एवढेंच दिसलें कीं, माझ्या गॅरेजांत एक गंजकें धूड येऊन बसलें आहे आणि मुलाचे गुण उतरत आहेत. त्यानें इंजिन बाहेर काढलें, उकललें, आणि त्याच हिंवाळ्यांत येऊन सांगितलें कीं, कॉलेज सोडून मोटारींचेंच काम शिकायचें आहे. त्यावर मीं जें वाक्य बोललों तें लिहितांना आजही माझा हात अडखळतो. मी म्हणालों, "फिटरच व्हायचें होतें, तर साताऱ्याहून येथवर येण्याचे कष्ट मीं कशाला घेतले?"

तो उलट बोलला नाहीं. २०१६ च्या जानेवारींत तो नॉर्थ कॅरोलायनांत शार्लटला निघून गेला. त्या शहराच्या आसपास शर्यतीच्या मोटारी बांधणारे पुष्कळ कारखाने आहेत. तेथें एका ठिकाणीं त्याला काम मिळालें. जातांना आईला म्हणाला, "गाडी भंगारांत द्या." त्यानंतर वाढदिवस आणि पाडवा एवढ्यापुरता त्याचा फोन येई, आणि "कसा आहेस?", "बरा आहें. तुम्ही?" इतकें झालें कीं दोघांचेंही बोलणें संपे. मग फोन पत्नीकडे जाई आणि दुसऱ्या खोलींतून तासभर तिचें हंसणें ऐकूं येई.

भंगारवाला तीनशें डॉलर देणार होता. तो येण्याच्या आदल्या दिवशीं मी गॅरेज आवरावयास गेलों. फळीवर प्लास्टिकच्या लहान लहान पिशव्यांची रांग होती. त्यांत बोल्ट, वायसर, नळ्या, आणि प्रत्येक पिशवींत कागदाची एकेक चिठ्ठी. चिठ्ठ्या मराठींत होत्या. माझ्या मुलाला देवनागरी शिकविण्यासाठीं दर रविवारीं मीं त्याला मराठी शाळेंत ओढीत नेलें होतें. तो 'ळ'पाशीं येऊन रडत असे. आणि येथें त्याच्या हातचें वांकडेंतिकडें लिहिलेलें होतें: "पाण्याचा पंप, लांब दोन, आखूड तीन." "डावं मागचं चाक." "नळी, फुटकी." त्या नळींतला 'ळ' अजून उलटाच होता. पुढें पत्नीकडून कळलें कीं, मित्र येतांजातां बोल्ट उचलून नेत म्हणून त्यानें त्यांना वाचतां न येणारी ही लिपि योजली होती. शेवटच्या पिशवींत दोन लांब बोल्ट होते आणि चिठ्ठीवर नुसतें लिहिलें होतें, "हे कुठले?"

भंगारवाल्याला मीं फोन करून नको म्हणून कळविलें.

त्यानंतरच्या दोन हिंवाळ्यांची हकीकत सविस्तर सांगितली तर वाचक कंटाळतील, आणि न सांगितली तर माझ्यावर अन्याय होईल. न्यूजर्सींत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात. तें मीठ मोटारींना आंतून खातें. चालकाच्या पायाखालचा पत्रा मीं पेंचकशानें टोंचून पाहिला तों पेंचकस आरपार गेला. सांगाड्याचें तें काम मीं जाणत्या कारागिराकडून करून घेतलें, पण वेल्डिंग आपल्याला यावें असें मनानें घेतलें आणि एक्कावन्नाव्या वर्षीं रात्रीच्या धंदेशिक्षणाच्या वर्गांत अठरा वर्षांच्या पोरांच्या रांगेंत बसलों. माझे पहिले सांधे करपलेल्या पापडासारखे दिसत. शिक्षक कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं हातोडीचा एक ठोका मारला आणि दोन्ही तुकडे निरनिराळ्या दिशांना पडले. निबंधांच्या समासांत मी जे तिरकस शेरे मारीत आलों, त्यांपैकीं एकाही शेऱ्यांत इतका स्पष्टपणा नव्हता.

इंजिनाच्या माथ्याचे दहा बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, एकेक फेरी करीत, थोडेथोडे आवळावे लागतात. एकदम एक पुरा आवळून दुसऱ्याकडे जाल तर माथा वांकडा बसतो आणि पुढें तेथून पाणी गळतें. किती आवळावें हें सांगणारा एक पाना असतो. ठरलेला जोर झाला कीं तो 'टक्' करतो. तो 'टक्' ऐकण्यासाठीं मी थंडींत गुडघ्यांवर बसून श्वास रोखीत असें. मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलचे दांते मात्र आम्ही वेल्ड करून एकजीव केले. वळतांना बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावें लागतें, म्हणून तें आंतल्यापेक्षां जलद फिरावें अशी सोय या यंत्रांत असते. ती सोय मारून टाकली कीं दोन्ही चाकें एकाच वेगानें फिरतात आणि दोन्ही एकदम घसरतात. अशी गाडी हळू वळविली तर टायर किंचाळतात आणि ती लंगड्या बैलासारखी उड्या मारते. पहिल्यांदा ती गल्लींत आणली तेव्हां समोरच्या घरांतल्या बाईंनीं पडदा बाजूला सारून पाहिलें.

'आम्ही' असें वर लिहिलें, त्याचा खुलासा केला पाहिजे. माझा एक जुना विद्यार्थी याच खेळांतला आहे. शेक्सपिअरच्या वर्गांत मीं त्याला 'सी' दिला होता. हा गृहस्थ माझा गुरु झाला. सुदैवानें तो सूडबुद्धीचा नाहीं. त्या सबंध अभ्यासक्रमांतलें त्याला एकच पात्र आठवत होतें आणि त्याचा उपयोग मात्र त्यानें पुरेपूर केला. भिजविलेल्या डांबरी मैदानावर एका शंकूभोंवतीं गाडी गोल घसरवावयाची, मग दोन शंकूंभोंवतीं इंग्रजी आठाचा आंकडा काढावयाचा, हा पहिला पाठ. क्लच दाबून इंजिन घुमवावयाचें आणि क्लच एकदम सोडावयाचा, कीं मागचीं चाकें सुटतात. हें मला लौकर साधलें. त्यापुढचें साधेना. गाडीचें शेपूट बाहेर गेलें कीं मी स्टिअरिंगचें चाक दोन्ही हातांनीं गच्च धरीं आणि गाडी गर्रकन् फिरून उलट्या तोंडानें उभी राही.

"प्रोफेसर, चाक सोडा," गुरु म्हणे.

"सोडूं? मग गाडी कोण वळवणार?"

"गाडीच वळवील. हॅम्लेटसारखे विचार करीत बसूं नका. सोडा!"

आणि त्यांत खरें शास्त्र आहे. पुढच्या चाकांचा आंस जरा मागें कललेला असतो. त्यामुळें गाडी ज्या दिशेनें खरोखर जात असते त्या दिशेला तीं चाकें आपोआप वळूं पाहतात. चालकानें हात सैल केले तर स्टिअरिंग त्याच्या तळव्यांतून सरसर फिरतें आणि जेथें असावयास हवें तेथें जाऊन थांबूं लागतें. तेथें तें अलगद धरावयाचें. मध्येंच पकडलें तर गाडी झटका देऊन भलतीकडे जाते. हें सारें मला दुसऱ्याच दिवशीं समजलें आणि फळ्यावर आकृति काढून समजावूनही देतां आलें असतें. हातांना मात्र तें समजावयास चार महिने लागले. दुसरा नियम नजरेचा. गाडीचें नाक कोठें आहे तिकडे पाहावयाचें नाहीं. आपल्याला जेथें जावयाचें आहे तिकडे पाहावयाचें. ज्या भिंतीकडे पाहाल त्या भिंतींत जाल, असें गुरु म्हणे, आणि एका भिंतीच्या बाबतींत मीं तें पडताळूनही पाहिलें. दिवा फुटला.

२०१९ च्या ऑक्टोबरांत इंग्लिशटाउन येथें नवशिक्यांची स्पर्धा होती. इंग्रजीच्या प्राध्यापकाला याहून समर्पक गांव मिळालें नसतें. तेथील मोटारींचें मैदान १९६५ पासूनचें. १९७७ सालीं तेथें झालेल्या एका गायनाच्या जलशाला लाखाहून अधिक माणसें लोटलीं होतीं असें जुने लोक सांगतात. सरळ धांवेच्या शर्यती २०१८ सालीं बंद झाल्या होत्या. पण आमच्यासारख्यांची वर्दळ होती. सकाळीं सहा वाजतां आम्ही पोंचलों तेव्हां गवतावर दंव होतें आणि जागोजागीं पोरें गाड्यांखालीं आडवीं पडून शेवटचे बोल्ट आवळीत होतीं. पत्नीनें थालीपिठांचा डबा आणला होता. चार जुने टायर मीं चाळीस-चाळीस डॉलरांच्या जोडीनें घेतले होते. एक जोडी दहा फेऱ्यांत संपते. त्यांच्याकडे पाहून मला वडिलांचें बोट आठवलें.

आम्ही अठरा स्पर्धक होतों. प्रत्येकाला एकट्यानें दोन फेऱ्या. त्यांतून सोळा निवडावयाचे आणि मग जोड्या लावावयाच्या. माझी पहिली फेरी सांगण्यासारखी नाहीं. पहिल्याच वळणावर मीं चाक धरून ठेवलें, आणि गाडी फिरून ज्या दिशेनें आलों त्या दिशेकडे तोंड करून थांबली. प्रेक्षकांनीं टाळ्या वाजविल्या. या खेळांतले प्रेक्षक सर्वांसाठीं टाळ्या वाजवितात, हें मला ठाऊक नसतें तर बरें झालें असतें.

दुसऱ्या फेरीपूर्वीं मी रांगेंत हेल्मेट घालून बसलों होतों. हेल्मेटांत आपलाच श्वास मोठा ऐकूं येतो. त्या वेळीं मला स्पर्धा आठवत नव्हती. ती माझ्याच तोंडून गेलेली फिटराबद्दलची ओळ ऐकूं येत होती. ज्या खुर्चींत मी बसलों होतों ती त्यानें बसविली होती. तिच्या पट्ट्यांचीं छिद्रें त्याच्या खांद्यांच्या मापानें पाडलेलीं होतीं, आणि मला तीं किंचित् उंच पडत होतीं. माझा मुलगा माझ्याहून उंच आहे हें मी विसरलोंच होतों.

हिरवा बावटा पडला. दुसरा गिअर, तिसरा. तांशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास. शंकूपाशीं हँडब्रेक ओढला. मागचीं चाकें अडकून सुटलीं, क्लच सोडला, आणि हात... हात सैल झाले. स्टिअरिंग तळव्यांतून उजवीकडे फिरत गेलें. समोरच्या कांचेंतून मला कुंपण दिसत होतें. रस्ता दिसत होता तो उजव्या खिडकींतून. मी खिडकींतून पाहात राहिलों. मग वळण बदललें, गाडीनें सबंध अंग झोंकलें, चाक पुन्हा सरसरत उलट आलें, आणि रस्ता डाव्या खिडकींत आला. रबराच्या धुराचा वास आंत शिरला. केव्हां संपलें हें कळलें नाहीं. शेवटचा शंकू मागें गेल्यावर माझ्या लक्षांत आलें कीं मी मोठ्यानें ओरडत आहें आणि तेंही मराठींत.

गुण फार नव्हते, सोळावा आलों. सोळाव्याची गांठ पहिल्याशीं पडते, असा रिवाज आहे. पहिली होती बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी. ती पुढें आणि मी मागें असतां, मी वळणापाशीं येईपर्यंत तिचा धूर खालीं बसलेला असे. मी पुढें असतां ती माझ्या दाराशीं हातभर अंतरावर, त्याच कोनांत, आडवी चालत होती. तिच्या टायरांचा आवाज माझ्या कानांत शिरला, मीं तिकडे पाहिलें, आणि माझी गाडी सरळ झाली. सरळ झालेल्याला गुण नसतात. खेळ संपल्यावर तिनें हात मिळविला आणि थालीपीठ खाल्लें. "अहो, ही आडवी जाते तेव्हां चांगली दिसते हो गाडी," पत्नी म्हणाली. दोन वर्षांत गाडीबद्दल तिनें काढलेले हे पहिले चांगले उद्गार.

मीं मुलाला यांतलें कांहीं कळविलें नव्हतें. गाडी दुरुस्त केल्याचेंही नाहीं. कां, तें मला नीट सांगतां येणार नाहीं, कदाचित् तो "कशाला?" म्हणेल अशी भीति असावी. पण पत्नीनें दुसऱ्या फेरीचें चित्रण केलें होतें आणि मला न विचारतां तें शार्लटला पाठविलें होतें. रात्रीं साडेनऊला फोन वाजला. तिनें तो उचलून कानाला लावला आणि मग न बोलतां माझ्यापुढें धरला.

"बाबा, हँडब्रेक उशिरा ओढलात," पलीकडून आवाज आला.

"शंकूपाशींच ओढला कीं."

"शंकूपाशीं नाहीं, त्याच्या एक गाडी आधीं. आणि डिफरन्शियल कोणी वेल्ड केला?"

"मीं."

पलीकडे बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मला वाटलें फोन तुटला. मग त्यानें विचारलें, "किती वेळा तुटला?"

"तीन वेळा."

"माझा चार," तो म्हणाला. "येथें आल्यावर पहिल्या महिन्यांत. मालकानें सगळ्यांसमोर दाखवला होता."

त्यानंतर आम्ही पाऊण तास बोललों. पुढच्या चाकांचा कोन, टायरांतली हवा, उजव्या बाजूची स्प्रिंग. या पाऊण तासांत टायरांची हवा सोडून दुसऱ्या कशाचाही विषय निघाला नाहीं. ती जुनी ओळ माझ्या जिभेवर दोनदां आली होती. तिची क्षमा मागावी असें मनांत होतें. पण तो ज्या तऱ्हेनें मला स्प्रिंगबद्दल समजावीत होता, जरा सावकाश, एकेक शब्द सोडून, विद्यार्थी मठ्ठ आहे पण मेहनती आहे असें जाणून, तें मला मध्येंच तोडवेना. शेवटीं मीं विचारलें, "तें एक राहिलेंच. शेवटच्या पिशवींतले ते दोन लांब बोल्ट. 'हे कुठले?' असें लिहिलेलें आहेस. मला शेवटपर्यंत त्यांची जागा सांपडली नाहीं. ते फळीवरच आहेत."

तो हंसला. पुष्कळ वर्षांनीं मीं तें हंसणें दुसऱ्या खोलींतून न ऐकतां ऐकलें.

"ते गिअरबॉक्सच्या माथ्यावरचे, इंजिनाला जोडणारे. मलाही येथें येऊन कळलें. वरून दिसत नाहींत आणि खालून एकट्याचा हात पोंचत नाहीं. एकानें वर दिवा धरावा लागतो. आतां तुम्ही खटपट करूं नका. थँक्सगिव्हिंगला मी चार दिवस येतों आहें."

"बरें," मी म्हणालों. "दिवा मी धरीन."